तेलातला कीस लाइनीत कसा लागतो

आमच्या गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात ग्राइंडरखाली काळपट कीस साचतो ना, तो मूठभर आणला अन् जवसाच्या तेलात कालवला. पहिले स्टीलच्या ताटलीत केलं तर ताटलीच चुंबकाला चिकटली, मग काचेची बशी घेतली. जुन्या स्पीकरचं चुंबक बशीच्या बाजूला नेलं अन् तेलात रेघाच रेघा, फणीनं विंचरल्यासारख्या. पुतण्या म्हणे, "काका, हे कोण लावून रायलं लाइनीत?"

कोणीच नाही, गंमत तीच आहे. चुंबक जवळ आलं की प्रत्येक कण स्वतःच इवलंसं चुंबक होतो, अन् सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. जिनिंगच्या गेटवर कापसाच्या बैलगाड्या लागतात तशा डोळ्यासमोर आणा, समोरच्या गाडीच्या मागे दुसरीचे बैल. एका कणाच्या शेपटीशी दुसऱ्याचं तोंड आलं तर ओढ, पण बरोबरीनं शेजारी आले तर ढकलाढकली. अन् ही ओढ लय जवळची, अंतर दुप्पट झालं की जोर सोळावा हिस्सा उरतो, म्हणून शेजारी शेजाऱ्याला धरतो, टोकाला आणखी एक येऊन चिकटतो, अशी साखळी वाढत जाते.

पण कण फारच बारीक असले तर द्रवाचे रेणू त्यांना सारखे धक्के मारत राहतात. रॉबर्ट ब्राउननं 1827 मध्ये परागकणांतून निघालेले बारीक कण पाण्यात असेच थरथरताना पाहिले होते. ओढ जिंकली तर साखळी, धक्के जिंकले तर सगळे मोकळे. नासाच्या स्टीव्ह पापेलनं 1963 मध्ये रॉकेटच्या इंधनासाठी जे चुंबकी द्रव केलं त्यातले कण साधारण 10 नॅनोमीटरचे, ते या धक्क्यांमुळे तळाला बसतच नाहीत. माझा कीस जाडा, चहा होईस्तोवर खाली बसला.

बशीत बोट घालून पाहा, चुंबक असलं की तेल लोण्यासारखं घट्ट लागतं, काढलं की पुन्हा पातळ. बोट फिरवायचं म्हणजे त्या साखळ्या तोडाव्या लागतात ना. जेकब रॅबिनोनं 1940 च्या दशकात अमेरिकेत याच्यावर क्लच बनवला अन् 2002 ला कॅडिलॅक गाडीच्या शॉकअपमध्ये असंच तेल आलं, करंट दिला की काही मिलिसेकंदात कडक. आमच्या फाट्यावरच्या रस्त्याला तेही पुरायचं नाही म्हणा.

विजेनंही हेच होतं. विलिस विन्स्लोनं 1940 च्या दशकातच तेलातली बारीक पूड विजेच्या क्षेत्रात ठेवून दाखवलं, फक्त त्याला मिलिमीटरला हजारो व्होल्ट लागतात, तेव्हा घरच्या बोर्डाच्या वायरी तेलात घालायला जाऊ नका. त्यापेक्षा कॉर्नफ्लॉवर तेलात पातळ कालवा, चमच्यानं बारीक धार सोडा अन् स्वेटरवर घासलेला फुगा जवळ न्या. धार फुग्याकडे वाकते, घट्ट होते, गळायची थांबते. पावसाळ्यात मात्र जमत नाही, हवेत ओल असली की फुग्यावरचा चार्ज उतरून जातो. आमचं दोनदा फसलं, दिवाळीनंतर थंडी पडली तेव्हा कुठं जमलं.