लिनक्स सर्व्हरमधील निकामी स्टोरेज अडॅप्टर बदलणे

सर्व्हरच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसून डिस्क, टेप किंवा सॅनवरील (साठ्यासाठीच्या वेगळ्या नेटवर्कवरील) साठा यंत्राला जोडणारे कार्ड म्हणजे स्टोरेज अडॅप्टर. साधा होस्ट बस अडॅप्टर, म्हणजे एचबीए, प्रत्येक डिस्क आहे तशी लिनक्सच्या स्वाधीन करतो. रेड कंट्रोलर अनेक डिस्क बांधून एकच आभासी डिस्क पुढे करतो. सॅनशी जोडणाऱ्या फायबर चॅनेल कार्डाच्या डिस्क तर सर्व्हरबाहेरच्या, अनेक डिस्क सामावणाऱ्या स्टोरेज अ‍ॅरेत असतात. कार्ड निकामी झाले तरी डेटा सहसा डिस्कवर सुखरूप असतो. तो जातो बहुधा नंतरच्या घाईत.

एकच डिस्क बंद पडली, तर आधी त्या डिस्ककडे पाहावे. एका कार्डावरच्या सगळ्या डिस्क एकदम नाहीशा झाल्या, कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये कंट्रोलर रीसेट होत असल्याच्या नोंदी आल्या आणि फाइल सिस्टिम ‘रीड-ओन्ली’ (फक्त वाचता येणारी) झाली, तर संशय कार्ड, केबल किंवा बॅकप्लेनवर (डिस्क जिच्यात खोचतात त्या पट्टीवर) जातो. पीसीआय कार्डे दाखवणाऱ्या ‘एलएसपीसीआय’ आदेशाच्या यादीतही कार्ड दिसत नसेल, तर केबलला दोष देण्यात अर्थ नाही. तरी नवे मागवण्याआधी सर्व्हर बंद करून जुने कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवून पाहावेच. ही कार्डे सर्व्हरच्या पंख्यांच्या जोरदार हवेसाठी बनवलेली असतात. साध्या कॅबिनेटमध्ये ती तापून अधूनमधून गायब होऊ शकतात.

सर्वाधिक जपावे लागते ते रेड कंट्रोलर बदलताना. कोणती डिस्क कोणत्या अ‍ॅरेची, म्हणजे एकत्र बांधलेल्या डिस्क-गटाची, याची नोंद कार्डाबरोबर डिस्कवरही असते, पण ती प्रत्येक उत्पादकाच्या आपल्या पद्धतीने. म्हणून नवे कार्ड त्याच घराण्यातले आणि त्याचे फर्मवेअर (कार्डातले अंगभूत सॉफ्टवेअर) जुन्याइतके किंवा त्याहून नवे असावे. उदाहरणार्थ, मेगारेड नावाच्या घराण्यातले कार्ड जुन्या डिस्क पाहून ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ (दुसऱ्या कार्डाने केलेली रचना) सापडल्याचे सांगते. तिथे ‘इम्पोर्ट’ निवडायचे. ‘क्लिअर’ने ती रचनाच पुसली जाते, आणि नवी अ‍ॅरे बनवून ‘इनिशियलाइझ’ केली तर डेटाही जातो. बॅटरी असलेल्या कार्डाच्या कॅश (तात्पुरत्या) मेमरीत डिस्कवर न पोहोचलेला डेटा अडकलेला असू शकतो. काही मॉडेलांत ते कॅशचे मॉड्यूल बॅटरीसकट नव्या कार्डावर हलवता येते.

साधा एचबीए आणि लिनक्सचे स्वतःचे सॉफ्टवेअर रेड असेल, तर काम बरेच हलके होते. ‘एमडी’ नावाच्या या रेडची नोंद डिस्कवरच असल्याने वेगळ्या कंपनीचे कार्डही चालते. मात्र अ‍ॅरे ‘असेम्बल’ करावी (आहे ती जुळवावी), ‘क्रिएट’ (नवी तयार) नव्हे. डिस्कची एसडीए, एसडीबी ही नावे बदलू शकतात. म्हणून एफएसटॅबमध्ये (कोणती फाइल सिस्टिम कुठे जोडायची त्या यादीत) यूयूआयडी, म्हणजे फाइल सिस्टिमचा स्वतःचा ओळखक्रमांक, लिहिलेला असणे चांगले.

बूट डिस्कच नव्या कार्डावर असेल, तर त्याचा ड्रायव्हर इनिट्रॅमएफएसमध्ये (बूट होताना आधी मेमरीत चढणाऱ्या छोट्या फाइल सिस्टिममध्ये) हवा. रेड हॅट घराण्याच्या लिनक्समध्ये तो बनवणारा ड्रॅकट सामान्यतः त्या यंत्राला लागणारेच ड्रायव्हर घेतो. त्यामुळे वेगळ्या जातीचे कार्ड घातल्यावर बूट अर्ध्यावर अडते, आणि अडचणीसाठी राखलेल्या रेस्क्यू कर्नलने यंत्र चालू करून इनिट्रॅमएफएस पुन्हा बांधावा लागतो. जुन्या बाजारातून कार्ड घेताना आणखी एक गोष्ट तपासावी: रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ च्या एमपीटी३एसएएस ड्रायव्हरमधून एसएएस २००८ या जुन्या कंट्रोलर चिपचा आधार काढलेला आहे.

फायबर चॅनेल कार्डाला स्वतःचा ६४ बिटांचा डब्ल्यूडब्ल्यूपीएन (पोर्टचा ओळखक्रमांक) असतो आणि सॅन सर्व्हरला त्यावरूनच ओळखते. नवे कार्ड बसवले तरी स्विचचे झोनिंग (कोण कोणाशी बोलू शकते याची वाटणी) आणि अ‍ॅरेवरील लन मास्किंग (कोणत्या सर्व्हरला कोणता लन, म्हणजे साठ्याचा भाग, दिसावा हा नियम) नव्या क्रमांकाने दुरुस्त होईपर्यंत एकही लन दिसत नाही. दोन कार्डे आणि मल्टिपाथ (एकाच साठ्याकडे जाणारे अनेक मार्ग) असतील, तर हा सारा बदल चालू सर्व्हरवरही होऊ शकतो, पण स्लॉट हॉट-प्लगचा (चालू यंत्रात कार्ड बदलता येणारा) हवा. आधी दुसऱ्या कार्डाचे सर्व मार्ग चालू असल्याची खात्री करतात, सिसएफएसमधून (कर्नलशी बोलायच्या आभासी फाइल सिस्टिममधून) निकामी कार्ड कर्नलपासून वेगळे करतात, स्लॉटची वीज तोडतात आणि मगच कार्डाला हात लावतात.