'चौसष्टपूर्व' विंचेस्टरचा महिमा कितपत खरा?

विंचेस्टर कंपनीच्या 'मॉडेल 70' या रायफलीबद्दल अमेरिकी शिकाऱ्यांमध्ये एक समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, तो असा की 1964 पूर्वी बनलेली रायफल तेवढी अस्सल आणि त्यानंतरची सगळी टाकाऊ. यात तथ्य आहे, पण अर्धेच.

1936 पासून बनणाऱ्या या रायफलीत माउझर या जर्मन रायफलीच्या धाटणीची लांब पोलादी पकड होती. ती काडतूस मॅगझीनमधून वर येतानाच पकडून ठेवी. खर्च वाचवण्यासाठी 1964 मध्ये कंपनीने ही रचना सोडली, दस्त्यावरील हाताने कोरलेल्या नक्षीऐवजी दाबून उठवलेली ओबडधोबड नक्षी आणली आणि नळी व लाकूड यांच्यात डोळ्यांत खुपेल एवढी फट ठेवली. शिकारी चिडले, आणि माझ्या मते त्यांचे चिडणे रास्तच होते.

मात्र दिसणे बिघडले म्हणजे नेमही बिघडला, हा निष्कर्ष चुकीचा आहे. नव्या रचनेत बोल्ट, म्हणजे नळीमागे हाताने पुढेमागे सरकवायचा दांडा, काडतूस नुसते पुढे ढकलतो आणि बोल्ट बंद होताना पकड बसते. याच तत्त्वावरची रेमिंग्टन 700 ही 1962 सालची रायफल इतकी अचूक ठरली की अमेरिकी मरीन दलाने व्हिएतनाम युद्धात तिच्यावर आधारलेली एम-40 आपल्या नेमबाजांच्या हाती दिली. चवताळून अंगावर येणाऱ्या श्वापदासमोर जुनी पकड अधिक भरवशाची मानली जाते. हरणाच्या शिकारीत हा फरक क्वचितच जाणवतो.

शिवाय 1990 च्या दशकात विंचेस्टरने जुनी पकड पुन्हा आणली. तरीही संग्राहक जादा पैसे मोजतात ते 'चौसष्टपूर्व' रायफलीसाठीच.