नग, किलो आणि फॉक्सप्रोनंतरची भाषा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरींच्या एखाद्या कारखान्यात जुना कॉम्प्युटर आजही फॉक्सप्रोवर, म्हणजे हिशेब आणि नोंदी ठेवायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर, चलन काढताना दिसला, तर नवल वाटायला नको. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ मध्ये आणली आणि २०१५ च्या जानेवारीत तिची देखभालही थांबवली. मग कधीतरी मशीन बसतं, आणि घरातला शिकलेला पुतण्या म्हणतो, "काका, पायथनमध्ये करू." त्याचा मित्र सी-शार्पवर अडून बसतो. दोन्ही प्रोग्राम लिहायच्या भाषा.

या वादाच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: चूक कधी पकडायची?

सी-शार्प किंवा जावात नग म्हणजे पूर्णांक आणि गिऱ्हाइकाचं नाव म्हणजे मजकूर, हे आधीच ठरतं. नावाला दराने गुणलंत, तर प्रोग्राम तयारच होत नाही. याला स्टॅटिक टायपिंग म्हणतात. पायथनमध्ये, आणि फॉक्सप्रोतही, व्हेरिएबलला, म्हणजे माहिती ठेवायच्या नावाच्या कप्प्याला, कायमचा प्रकार नसतो. त्यात त्या वेळी जे ठेवलंय त्याला असतो. हे डायनॅमिक टायपिंग. इथे चूक ती ओळ चालेल तेव्हाच कळते. फॉक्सप्रोचा 'ऑपरेटर/ऑपरँड टाइप मिसमॅच' हा संदेश जुन्या लोकांना पाठ असेल. वर्षातून एकदाच निघणाऱ्या रिपोर्टमध्ये तो नेमका ३१ मार्चला उगवतो.

डायनॅमिक म्हणजे ढिसाळ, असं मात्र नाही. आकडा २ आणि मजकूर "३" यांची बेरीज सांगितली, तर पायथन साफ नकार देतो. जावास्क्रिप्ट मुकाट्याने "२३" करून देते, आणि बिल तसंच छापून निघतं.

पण टॉवेलच्या धंद्यातली खरी मेख पुढे आहे. माल कधी नगावर विकतात, कधी किलोवर. दोन्हीला नुसती 'संख्या' म्हटलं, तर किलोचा दर नगांना लागला तरी सी-शार्पला त्याचा पत्ता लागत नाही. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर असंच गेलं: एका सॉफ्टवेअरने आकडे पाउंड-सेकंदात दिले, दुसऱ्याने ते न्यूटन-सेकंदात धरले, आणि यान मंगळाजवळ ठरल्यापेक्षा फार खाली उतरलं. त्यामुळे नग आणि किलो हे दोन वेगळे प्रकारच बनवायला हवेत. मग १२ नगांत ५ किलो मिळवायला गेलं की कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम तपासून तयार करणारं साधन, अडवतो. एफ-शार्पमध्ये तर एककांची सोय भाषेतच आहे.

मधला रस्ताही आहे. २०१५ पासून पायथनमध्ये प्रकारांच्या खुणा लिहिता येतात. पण प्रोग्राम चालताना पायथन त्या तपासत नाही, मायपायसारखं साधन वेगळं चालवावं लागतं. घाईत कोण चालवतं?

दोन-चार रिपोर्ट काढायचे असतील तर खुशाल पायथन घ्या. पण पंधरा-वीस वर्षं चालणाऱ्या, पुढे परक्या हातात जाणाऱ्या हिशेबाला मी स्टॅटिक भाषाच निवडेन. एक रकाना बदलला की कुठे कुठे हात लावायचा, याची यादी कंपायलरच देतो.

भाषा कुठलीही ठरो, आधी जुन्या डीबीएफ फायलींची, म्हणजे फॉक्सप्रोच्या नोंदी असलेल्या फायलींची, रचना छापून घ्यावी. तिथे प्रत्येक रकान्यासमोर मजकुराला सी, आकड्याला एन, तारखेला डी असं लिहिलेलं असतं. वजनासमोर सी दिसला, तर कामाची सुरुवात तिथूनच.