गणितात रमणाऱ्या मुलासाठी शाळा कोणती? भेटीला येण्यापूर्वी पालकांनी वाचावे

गणितात रमणाऱ्या मुलांचे वर्ग घेणाऱ्या आणि त्यांना शाळा सुचवणाऱ्या आमच्या केंद्रात दिवाळीची सुट्टी संपली की फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक एकच असतो: "मुलाचं गणित फार चांगलं आहे, कोणत्या शाळेत घालू? सीबीएसई, आयसीएसई की आपलं स्टेट बोर्डच बरं?" हे फोनवर नीट सांगता येत नाही आणि अर्धवट सांगितलं तर पालकांचा घोटाळा होतो. म्हणून इथे लिहून दिलं आहे.

बोर्डाचं आधी उरकून घेऊ. स्टेट बोर्डात नववी-दहावीला बीजगणित आणि भूमिती असे दोन वेगळे पेपर असतात. भूमितीत मुलाला सिद्धता कारणांसह लिहावी लागते, आणि ती सवय पुढे फार कामी येते. सीबीएसईत दहावीला गणितात स्टँडर्ड (जरा अवघड) आणि बेसिक (सोपं) अशी निवड असते. अशा मुलाने स्टँडर्डच घ्यावं. यापलीकडे बोर्डावर फार डोकं शिणवू नका. एकाच बोर्डाच्या, एकाच रस्त्यावरच्या दोन शाळांमध्ये गणिताचा तास अगदी वेगळा असू शकतो.

बघायचं असतं ते त्या तासाला काय होतं ते. शाळा पाहायला जाल तेव्हा स्मार्ट बोर्ड आणि स्विमिंग पूल दाखवतील. ते बघा, पण सहावी-सातवीच्या एखाद्या मुलाची तपासलेली गणिताची वहीही मागा. समजा गणित आहे: शेळ्या आणि कोंबड्या मिळून ३० डोकी आणि ८४ पाय, तर शेळ्या किती? मुलाने लिहिलंय, "सगळ्या कोंबड्या धरल्या तर ६० पाय. २४ जास्त आहेत. प्रत्येक शेळीमागे २ जास्त, म्हणून १२ शेळ्या." याच्यापुढे शिक्षकांनी 'छान' लिहिलंय, की 'क्ष मानला नाही' म्हणून गुण कापलेत? त्या एका शेऱ्यातून शाळा कळते. स्वतःच्या रीतीने बरोबर उत्तर काढणाऱ्या मुलाचे वर्षभर गुण कापले गेले, तर ते हळूहळू स्वतःची रीत सोडून देतं. अशी मुलं आमच्याकडे नववीत येतात, आणि त्यांना पुन्हा मोकळं करायला फार वेळ लागतो.

दुसरी गोष्ट वेळेची. आठवीपासून शाळेतच जेईईचं, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचं, फाउंडेशन घेणाऱ्या शाळा आता सगळीकडे झाल्या आहेत. इंजिनिअरिंग पक्कं ठरलं असेल तर त्यात वावगं काही नाही. पण तिथला सराव मिनिटा-दोन मिनिटांत उत्तर काढण्याचा असतो. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे शाळकरी मुलांच्या जागतिक गणित स्पर्धेत, एका दिवशी साडेचार तासांत फक्त तीन प्रश्न असतात. एका प्रश्नाशी तास-दीड तास झगडायला संध्याकाळ मोकळी लागते, आणि सकाळी सातला गेलेलं मूल संध्याकाळी सहाला घरी येत असेल तर ती कुठून आणणार?

आता ज्या चुकीमुळे मुलांसोबतच्या आमच्या कितीतरी पहिल्या भेटी वाया जातात, तिच्याबद्दल. पालक मुलाची तयारी करून आणतात. आठवडाभर पुढच्या इयत्तेची सूत्रं पाठ करून घेतात, पदकांची फाइल लावतात, वही नवीन, कव्हर घातलेली. त्यातून आम्हाला तयारी दिसते, मूल दिसत नाही, आणि मग पुन्हा बोलवावं लागतं.

आम्ही काय बघतो ते एका उदाहरणाने सांगतो. (भेटीत हेच विचारत नाही, त्यामुळे घरी करून घेऊ नका.) मुलाला चार अंकी संख्या घ्यायला सांगतो, ३५२४ म्हणा. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करायची: ५४३२ वजा २३४५, म्हणजे ३०८७. पुन्हा तेच केलं की ८३५२, पुन्हा केलं की ६१७४, आणि मग ६१७४ हेच येत राहतं. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी शोधलेली ही गंमत. वजाबाकी सगळीच मुलं बरोबर करतात. आम्ही बघतो ते त्यानंतर काय होतं. एखादं मूल पेन ठेवतं. एखादं विचारतं, "११११ घेतलं तर शून्यच येईल ना?" एखादं न सांगता तीन अंकी संख्या करून बघतं आणि ४९५ पाशी पोचतं. दोन अंकी घेणारं मूल कुठेच थांबत नाही, ते ९ (म्हणजे ०९), ८१, ६३, २७, ४५ आणि परत ९ असं फिरत राहतं, आणि का ते शोधत बसतं. ही भूक मार्कशीटवर येत नाही. म्हणून येताना रफ वही आणा, खाडाखोड असलेली. हिशोब केलेले पाठकोरे कागदही चालतील.

पदकांबद्दल. शाळेतून फॉर्म भरून होणाऱ्या खासगी परीक्षांच्या नावातही ऑलिंपियाड असतं. त्या द्यायला हरकत नाही. पण आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या भारतीय संघापर्यंत जाणारी वाट आयओक्यूएम (इंडियन ऑलिंपियाड क्वालिफायर इन मॅथेमॅटिक्स) परीक्षेपासून सुरू होते. ती आठवी ते बारावीच्या मुलांना देता येते आणि साधारण सप्टेंबरच्या सुरुवातीला असते. त्यापुढच्या टप्प्यांची व्यवस्था मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र बघतं. शाळेला एवढंच विचारा की त्याच सुमारास घटक चाचणी आली तर मुलाला सवलत द्याल का. उत्तर द्यायला किती वेळ लागतो तेही बघा.

"एक इयत्ता वर चढवू का?" याला आमचं उत्तर बहुतेक वेळा नाही असंच असतं. सहावीतल्या मुलाने आठवीचं पुस्तक संपवण्यापेक्षा सहावीतलीच विभाज्यता खोलवर केली तर त्याला जास्त मिळतं.

पुण्यातले पालक हुशार मुलांसाठीच्या ज्ञान प्रबोधिनीच्या शाळेबद्दल हमखास विचारतात. तिथे पाचवीला चाचण्या घेऊन प्रवेश देतात. जरूर प्रयत्न करा, पण नाही झालं तर घरात सुतक पाळू नका. साध्या शाळेत चांगले शिक्षक, मोकळी संध्याकाळ आणि आठवड्यातून एकदा आपल्यासारख्या मुलांची संगत मिळाली तरी मूल फुलतं. ही संगत आमच्या शनिवारच्या वर्गात मिळते. गणितज्ञ प्रा. श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठान या गणित संस्थेमध्ये ऑलिंपियाडचं मार्गदर्शन वर्षानुवर्षं होत आलं आहे, तिथेही चौकशी करा. आमच्याकडेच यावं असा आग्रह नाही.

पहिल्या भेटीचे पैसे का घेता, असं काहीजण विचारतात. आम्ही कोणत्याही शाळेकडून कमिशन घेत नाही, म्हणून शाळांची छापील यादीही देत नाही. दोन तास मुलासोबत बसून, तुमच्या घरापासूनचं अंतर आणि खर्च बघून दोन-तीन शाळा सुचवतो. वर्गाला नाव घातलंत तर ही रक्कम फीमध्ये वळती होते. त्या दोन तासांत पालकांनी बाहेर बसावं, ही विनंती. आई-बाबा समोर असले की मूल उत्तर देण्याआधी त्यांच्याकडे बघतं.

भेटी शनिवार-रविवारी सकाळी असतात, आधी वेळ ठरवून यावं. शाळांचे फॉर्म सुटण्याआधी, नोव्हेंबर-डिसेंबरात आलात तर निवडीला वाव राहतो. मुलाला नाश्ता करवून आणा, आणि "परीक्षा आहे" असं सांगू नका.