गजराजची स्क्वाड्रन: चुशूलपासून सोनेगावपर्यंत

हिंगण्याकडून किंवा बुटीबोरीच्या बाजूने नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरणारं चार इंजिनांचं मिलिटरीचं विमान ज्यांनी वावरातून पाहिलं आहे, त्यांना त्याचा आवाज लगेच ओळखू येतो. ते इल्यूशिन-76. हवाई दलाने त्याचं नाव ठेवलं 'गजराज'. ते चालवणाऱ्या 44 स्क्वाड्रनचा, म्हणजे हवाई दलाच्या तुकडीचा, मुक्काम बरीच वर्षं नागपुरात होता. सैन्यभरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या आपल्या पोरांना राफेल, सुखोई तोंडपाठ असतात. या स्क्वाड्रनबद्दल त्यांना कोणी फारसं सांगत नाही. हे मला खटकतं, कारण लढाईत विमानाने बॉम्ब टाकण्याआधी कुणीतरी माणूस, दारूगोळा आणि रसद तिथवर पोचवलेली असते.

44 स्क्वाड्रन एप्रिल 1961 मध्ये उभी राहिली. कारण लडाख. चीनच्या सीमेवर तणाव वाढत होता, श्रीनगर-लेह रस्त्याचं काम अजून चालू होतं आणि हवाई दलाकडची डाकोटा, पॅकेट ही विमानं जड ओझ्याला कमी पडत होती. म्हणून सोव्हिएत संघाकडून आंतोनोव्ह-12 घेतलं. वीस टनांपर्यंत माल नेणारं, मागून दार उघडणारं विमान.

दीड वर्षातच त्याची परीक्षा झाली. ऑक्टोबर 1962 च्या अखेरीस लष्कराच्या 20 लान्सर्स या रणगाडा रेजिमेंटचे एएमएक्स-13 रणगाडे या विमानांतून लडाखमधल्या चुशूलला उतरवले गेले. चुशूल समुद्रसपाटीपासून चौदा हजार फुटांहून उंच. तिथली धावपट्टी म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या भोकाभोकांच्या लोखंडी पट्ट्या. तेवढ्या उंचीवर हवा विरळ असते, इंजिनाची ताकद घटते, पंखांना उचल कमी मिळते आणि विमानाला थांबायलाही जास्त धाव लागते. पोटात पंधरा टनांच्या आसपासचा रणगाडा घेऊन तिथे उतरायचं! माझ्या मते या स्क्वाड्रनच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं काम हेच.

उचल कमी मिळण्याचा हा हिशेब विदर्भातल्या माणसाला समजायला जड नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की नागपुरातही हवा विरळ होते आणि विमानाला उडताना अधिक धावपट्टी लागते. लेहला उंचीही आहे आणि दुपारचं ऊन-वारंही, म्हणून तिथली उड्डाणं शक्यतो सकाळीच उरकतात.

या कामाची किंमतही मोजावी लागली. 7 फेब्रुवारी 1968 रोजी चंदीगडहून लेहला निघालेलं एक आंतोनोव्ह-12 खराब हवामानामुळे मागे वळलं आणि रोहतांगच्या परिसरात बेपत्ता झालं. त्यात 102 जण होते. ते विमान 25 स्क्वाड्रनचं, पण वाट तीच. अवशेषांचा पहिला माग 2003 मध्ये लागला, आणि 2024 मध्येही बर्फातून चार जवानांचे मृतदेह मिळाले. छप्पन्न वर्षं घरच्यांनी वाट पाहिली.

1971 च्या युद्धात 44 स्क्वाड्रनने वेगळंच धाडस केलं. मालवाहू विमानांतूनच बॉम्बफेक केली. बॉम्ब आत रचायचे आणि मागच्या दारातून लोटायचे. पाकिस्तानातल्या चांगा मांगा जंगलातल्या दारूगोळ्याच्या साठ्यावर असा हल्ला झाला. स्क्वाड्रनचे प्रमुख विंग कमांडर विद्याभूषण वशिष्ठ यांना महावीर चक्र मिळालं.

गजराज आलं 1985 मध्ये. ओझं दुपटीहून जास्त आणि इंजिनं जेट. जवळून पाहिलं तर त्याची चाकं लक्षात राहतात: एकूण वीस. पुढे चार, पोटाखाली सोळा. एवढं वजन वीस चाकांवर वाटलं जातं म्हणून ते कच्च्या धावपट्टीवरही उतरू शकतं. नाकाखाली काचेची खोली असते. तिथे नॅव्हिगेटर बसतो आणि त्याला खालची जमीन सरळ दिसते.

3 नोव्हेंबर 1988 रोजी मालदीवमध्ये बंड झालं आणि राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी भारताकडे मदत मागितली. त्याच संध्याकाळी आग्र्याहून दोन गजराज पॅराट्रूपर (हवाई छत्रीने उतरणारे जवान) घेऊन निघाले. ग्रुप कॅप्टन अनंत बेवूर तेव्हा 44 स्क्वाड्रनचे प्रमुख होते आणि या उड्डाणावर स्वतः होते. दोन हजार किलोमीटरहून लांबचा पल्ला, पुढे मालदीवच्या विमानतळाचं हुलहुले बेट, दोन्ही टोकांना समुद्र असलेली धावपट्टी आणि काळोख. विमानतळ कोणाच्या ताब्यात आहे याचीही खात्री नव्हती. विमानं उतरली, जवान बाहेर पडले आणि बंड मोडलं.

पुढे ही विमानं नागपूरला आली. देशाच्या मध्यावर असण्याचा फायदा इथे जुनाच आहे. 1949 साली रात्रीचं हवाई टपाल सुरू झालं तेव्हा दिल्ली, मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याची विमानं मध्यरात्री नागपुरातच एकत्र यायची. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालयही इथलंच. दारूगोळ्याशी तर आपला भाग फार जवळून जोडलेला आहे: पुलगावचा डेपो, भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरचा आणि भद्रावतीचा कारखाना. 2005 मध्ये अमेरिकेत कॅटरिना वादळ आलं तेव्हा मदतसाहित्य घेऊन गजराज अर्कान्सासपर्यंत जाऊन आलं.

स्क्वाड्रन नंतर चंदीगडला हलली. तिथून लडाखमधले लेह आणि थोईस हे हवाई तळ जवळ पडतात आणि हिवाळ्यात रस्ते बंद झाले की सियाचेनच्या बाजूची रसद हवेतूनच न्यावी लागते. 2020 च्या गलवान संघर्षानंतर रणगाडे आणि चिलखती गाड्या पुन्हा विमानांनी वर गेल्या. तेव्हा गजराजच्या जोडीला 2013 पासून आलेली सी-17 विमानं होती, हिंडनच्या 81 स्क्वाड्रनची. सत्तर टनांहून जास्त ओझं उचलणारी ही अकरा विमानं आता मुख्य भार वाहतात. पण सी-17 चं उत्पादन 2015 मध्येच बंद झालं, त्यामुळे बारावं नवं मिळणार नाही. वडोदऱ्यात बनणारं सी-295 हे मालवाहू विमान खूपच लहान. ते जुन्या ॲव्रो विमानांची जागा घेतंय, गजराजची नाही. चाळीस वर्षं वापरलेल्या गजराजच्या सुट्या भागांसाठी आजही रशियाकडेच पाहावं लागतं, आणि त्याची जागा घेणारं नवं विमान अजून ताफ्यात आलेलं नाही.