मालमत्ता करआकारणी (महाराष्ट्र)

घरे, दुकाने, कारखाने आणि मोकळ्या जागा यांचे मूल्य ठरवून त्यावर स्थानिक संस्थेचा कर बसवण्याची प्रक्रिया. या कराला बोलीत घरपट्टी म्हणतात. जमीन व इमारतींवरील कर हा राज्यसूचीतील विषय (नोंद ४९) असल्याने आकारणीचे नियम राज्याच्या कायद्यांत आहेत: मुंबईसाठी १८८८ चा, इतर महानगरपालिकांसाठी १९४९ चा, तर नगरपरिषदांसाठी १९६५ चा अधिनियम. जकात गेल्यानंतर महानगरपालिकांच्या स्वतःच्या उत्पन्नात या कराचे महत्त्व फार वाढले.

मूल्य आणि दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूल्य प्रशासन ठरवते. दरांचा निर्णय कायद्याच्या मर्यादेत लोकप्रतिनिधींच्या सभेत होतो. गावातल्या सगळ्या घरांचे मूल्य दुप्पट करून दर निम्मा केला, तर कोणाच्याच बिलात फरक पडणार नाही. एकाच घराचे मूल्य कमी लावले, तर मात्र त्याच्या वाट्याचा भार इतरांवर जातो. म्हणून आकारणीत सर्वांत मोठा प्रश्न समान वागणुकीचा असतो, आणि महाराष्ट्रात नेमका तोच अनेक दशके चुकत आला.

जुनी पद्धत भाड्यावर आधारलेली आहे. जागा भाड्याने दिल्यास वर्षाला रास्तपणे किती भाडे येईल, ते धरायचे आणि दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे. उरते ते करयोग्य मूल्य. समजा, अपेक्षित भाडे महिना ८,००० रुपये आहे. वर्षाचे ९६,००० रुपये, वजावट ९,६००, करयोग्य मूल्य ८६,४००. त्यावर सर्वसाधारण कर, पाणीपट्टी, मलनिःसारण, वृक्ष उपकर अशा एकेका बाबीचा दर लागून बिल तयार होते. राज्याचा शिक्षण उपकरही त्याच बिलातून वसूल होतो.

अडचण ‘रास्त’ या शब्दाशी आली. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या चाळींची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. कायद्याने जेवढे भाडे घेता येते त्याहून अधिक मूल्य धरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी स्पष्ट केले. परिणामी गिरगावातल्या पागडीच्या (एकरकमी रक्कम देऊन गोठलेल्या भाड्याने घेतलेल्या) मोठ्या खोलीला नाममात्र कर, तर उपनगरातल्या नव्या, तेवढ्याच फ्लॅटला त्याच्या कित्येक पट. रस्ता, पाणी, कचरागाडी दोघांनाही तीच. हा अन्याय कोणा कर्मचाऱ्याने केलेला नव्हता. तो पद्धतीतच होता.

त्यावर उपाय म्हणून मुंबईत १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्य पद्धत आली. मुद्रांक शुल्कासाठी सरकारने भागवार ठरवलेल्या जागेच्या दराला (सिद्धगणक दर, रेडी रेकनर) चटईक्षेत्राने गुणायचे आणि त्याला वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय व मजला यांचे भारांक (मूल्य कमी-जास्त करणारे गुणक) लावायचे. धक्का सौम्य व्हावा म्हणून निवासी जागांचा कर जुन्या कराच्या दुपटीहून अधिक होऊ नये, अशी तरतूद ठेवली. १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना या करातून सूट मिळाली.

पद्धत मात्र वादातून सुटली नाही. जमिनीवर पुढे किती बांधकाम होऊ शकेल, तेही मूल्यात धरणारे नियम मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. आज उभ्या असलेल्या जागेचे मूल्य धरा, उद्याच्या शक्यतेचे नको, हा त्याचा गाभा. पुण्यात भाडेमूल्याचीच पद्धत टिकून आहे. तिथे स्वतः राहत असलेल्या घरमालकाला ४० टक्के सवलत मिळते. ती मध्यंतरी काढून घेतली गेली होती, २०२३ मध्ये परत दिली गेली.

ग्रामपंचायती डिसेंबर २०१५ पासून भांडवली मूल्यावर कर आकारतात. आकारणी ‘नमुना ८’ मध्ये नोंदवतात, मागणी ‘नमुना ९’ मध्ये. नमुना ८ चा उतारा कर्जापासून वीजजोडणीपर्यंत सगळीकडे मागितला जातो, तरी ती करआकारणीची नोंद आहे. केवळ त्यावरून मालकी सिद्ध होत नाही.

नगरपरिषदांत व गावांत दर चार वर्षांनी फेरआकारणी होते. नव्या किंवा वाढीव मूल्याची नोटीस आल्यावर ठरावीक मुदतीत लेखी हरकत घेता येते आणि तिच्यावर सुनावणी होते. हरकत कराच्या रकमेवर नव्हे, मूल्यावर घ्यावी लागते. तेव्हा क्षेत्रफळ, बांधकामाचे वर्ष आणि वापर (निवासी की व्यावसायिक) या तीन नोंदी आधी तपासाव्यात.