आभा कार्डावर उपचार मोफत होतात का?

गेल्या महिन्यात एका हॉस्पिटलच्या मदतकक्षापाशी माझ्या पुढे एक काका उभे होते. काकूंचा खुबा मोडलेला, ऑपरेशन करायचं ठरलेलं. काकांनी लॅमिनेट केलेलं कार्ड पुढे केलं, "हे आयुष्मानचं, पाच लाखांचं." तिथल्या आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेच्या रुग्णांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याने, कार्ड उलटसुलट पाहिलं. "काका, हे आभा कार्ड आहे. याच्यावर पैसे मिळत नाहीत." काका गोंधळले. "अहो, पण यावर आयुष्मान भारत लिहिलंय की!"

आणि ते खरंच लिहिलेलं असतं. घोळ नावातच आहे. आभा म्हणजे आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट. दुसरं, आयुष्मान कार्ड, आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचं. दोन्ही राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाच्या अखत्यारीत, त्यामुळे माणूस फसला तर त्याचा काय दोष? मला तर वाटतं, आभा कार्डावर मोठ्या अक्षरांत 'हा विमा नाही' असं छापायला हवं.

आभा हा १४ आकडी नंबर आहे, तुमच्या आरोग्याच्या कागदपत्रांची ओळख. तो ज्यातून मिळतो ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं २७ सप्टेंबर २०२१ ला. गरीब-श्रीमंत कोणीही हा नंबर काढू शकतो, सक्ती नाही. रिपोर्ट, प्रिस्क्रिप्शन, डिस्चार्ज कार्ड त्याला जोडता येतात, आणि दुसऱ्या डॉक्टरांना ते तुमच्या संमतीनेच दिसतात. बऱ्याच ठिकाणी क्यूआर कोड स्कॅन केला की ओपीडीचा केसपेपर काढायची रांगही टळते. सोय चांगली आहे, फक्त त्यात एक रुपयाचंही विमा संरक्षण नाही.

पैशाचं काम आयुष्मान कार्डाचं. २३ सप्टेंबर २०१८ ला रांचीतून सुरू झालेल्या या योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार कॅशलेस मिळतात. कुटुंबात माणसं किती याला मर्यादा नाही, आणि जुना आजारही पहिल्या दिवसापासून धरला जातो. पण नुसत्या ओपीडीच्या गोळ्या-औषधांना हे कार्ड चालत नाही. भरती व्हावं लागतं, तेही योजनेच्या अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या रुग्णालयातच. भरतीआधीचे ३ दिवस आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस यांचा खर्च पॅकेजमध्येच, म्हणजे त्या उपचाराच्या ठरलेल्या रकमेतच येतो. डिस्चार्ज देताना औषधं बाहेरून आणायला सांगितली, तर हे लक्षात ठेवून विचारा.

कार्ड हातात आलं म्हणजे ऑपरेशन मंजूर झालं, असंही नाही. हॉस्पिटल आधी आजार, पॅकेज आणि रिपोर्ट ऑनलाइन पाठवतं. हे प्री-ऑथ, म्हणजे उपचाराआधी घ्यायची मंजुरी. "अप्रूव्हल आलं का?" असं खिडकीवर सतत कानावर पडतं ते याचंच. क्लेम, म्हणजे खर्चाची मागणी, हा त्यानंतरचा टप्पा. डिस्चार्ज झाल्यावर हॉस्पिटल तो पाठवतं आणि पैसे थेट त्यांच्याकडे जातात. म्हणून "आधी पैसे भरा, क्लेम आला की परत देतो" असं कोणी म्हणालं, तर लगेच योजनेच्या हेल्पलाइनला, १४५५५ ला फोन लावा.

काकूंचं वय ७१ होतं, हे आरोग्यमित्राने विचारलं म्हणून बरं झालं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, या योजनेचं वय वंदना कार्ड मिळतं. वय आधारवरूनच ठरतं. घरात दोघे सत्तरीपुढचे असतील, तर ५ लाख दोघांत मिळून.

आधार पिशवीत होतं, पण त्याला जोडलेला मोबाईल नंबर जुना, ओटीपी येईना. शेवटी बोटाचा ठसा घेऊन केवायसी केली आणि दुपारी कार्ड निघालं. मग त्याच कार्डावर प्री-ऑथ पाठवलं. आभा कार्ड काका पिशवीत परत टाकत होते, तेवढ्यात आरोग्यमित्राने ते मागून घेतलं, काकूंचे एक्स-रे आणि रक्ताचे रिपोर्ट जोडायला.